हरवलेली तेवीस कार्डं

पहिलेच सांगून टाकते, खोटं म्या बोललं. बाकीच्या बावीस बाया माह्या मागून बोलल्या, पण सुरुवात माह्या तोंडातून झाली. गावात आता कोणी म्हणते नीलमनं घोळ घातला, कोणी म्हणते तालुक्याच्या मॅडमनं घातला. काही बी बोलतात लोक. जे झालं ते माह्यामुळं झालं.

मी आशाबाई. हिवरखेडपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी खिचडी रांधते. चौदा वर्षं झाले. माह्या हातची खिचडी खाल्लेले पोट्टे आता मोटरसायकली उडवून राहिले, अन् रस्त्यात दिसली की ‘ओ खिचडीवाल्या काकू’ म्हणून आरोळी मारतात. बरं वाटते बाप्पा, खोटं काहून बोलू.

माह्या जोडीले नीलम आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा विजेच्या खांबावर काम करता करता गेला. एक पोरगं पदरात. आमच्या ओमप्रकाश गुरुजींनी तिले शाळेत लावून घेतलं तर पहिल्याच आठवड्यात दोन बापे आले, की त्या मोहल्ल्यातल्या बाईच्या हातचं आमचे पोट्टे खाणार नाहीत. मी झारा घेऊनच बाहेर निघाली. म्हटलं, “मग घरून डबा पाठवा. अन् रोज पाठवा, नागा नाही पाहिजे.” दोन दिवस आले डबे. तिसऱ्या दिवशी तेच पोट्टे ताटल्या घेऊन रांगेत सगळ्याच्या पुढं. तवापासून नीलम मले काकू म्हणते अन् माह्या शब्दाबाहेर जात नाही. तिचं हेच मले कौतुक वाटे, अन् ह्याच्याच पायी पुढं सारा घोटाळा झाला.

आता पैशाचं सांगते. तांदूळ सरकार देते, डाळ सरकार देते. तेल, भाजी अन् जळण आमी आणाचं, त्याचं बिल लावाचं, अन् मग बिल निघाची वाट पाहत बसाचं. मानधन महिन्याचे पंचवीसशे रुपये. महिन्याचे म्हणते, पण महिन्याले येतात कुठं? यंदा दिवाळीच्या आंधी जे आलं ते आलं, मार्च लागला तरी छदाम नाही. गुरुजीले विचारलं तर गुरुजी वर बोट दाखवतात. वर म्हणजे तालुका, तालुक्याच्या वर जिल्हा, अन् त्याच्या वर कोण बसते कोण जाणे. चौऱ्याऐंशी पोट्टे साडेअकरा वाजता ताटल्या वाजवून राहतात, त्यायले वर-खाली कळत नाही.

म्हणून उत्तमभाऊ.

उत्तमराव एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाल्यावर त्यानं हा धंदा मांडला. बाईले मानधन, पेन्शन, काही बी सरकारी येणं असलं की तो त्याच्यावर पैसे देये. शंभराले दहा, महिन्याचे. गहाण काय, तर बँकेचं एटीएम कार्ड. कार्ड त्याच्यापाशी, त्याचा नंबर त्याच्या वहीत. मोबाइलवर मेसेज आला की आमी त्याले सांगाचं, तो स्कूटी काढून हिवरखेडले जाये, मशीनमधून पैसे काढे, आपले ठेवून घेये अन् उरलेले आमच्या हातात टेकवे. कंडक्टरच्या जुन्या तिकिटाच्या पेटीत त्यानं कार्डं लावून ठेवले होते, एकेका खान्यात एकेका गल्लीचे. टापटीप माणूस. दोन दिवस वर झाले तरी अख्ख्या महिन्याचं व्याज घेये. म्या त्याले तोंडावर शिव्या दिल्या आहेत. पण सकाळी सात वाजता जाऊन म्हटलं, भाऊ, तेलाचा डबा संपला, तर सात वाजून पाच मिनिटांनी पैसे हातात राहत. बँकेनं कधी दिले का असे?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गावात जीप आली. सहकार खात्याच्या मॅडम, दोन कारकून, दोन पंच अन् एक पोलीस. कोणीतरी अर्ज केला होता, की उत्तमराव बिगर लायसनची सावकारी करते. सरकारचा कायदाच आहे तसा. लायसन नाही अन् व्याजानं पैसे दिले तर पाच वर्षं जेल. कायदा काही वाईट नाही, म्या कधी वाईट म्हटलं? फक्त सावकाराले उचलल्यावर त्याच्या जागी कोण बसणार, हे त्या कायद्यात कुठं लिहिलं असन तर मले कोणी दाखवलं नाही.

त्यायनं उत्तमभाऊच्या अंगणात टेबल मांडलं. तिकिटाची पेटी उघडली. तेवीस कार्डं निघाले अन् प्रत्येकावर नाव छापलेलं. कोतवालाले पिटाळून आमाले सगळ्या बायायले गोळा करून आणलं. मी फोडणी टाकत होती, तशीच हात पुसत गेली, मागून नीलम. अंगणात अर्धं गाव उभं. कोणाची सासू, कोणाचा दीर, कोणाचा जावई. उत्तमभाऊ खाटेवर मान खाली घालून बसलेला. त्याची बायको केशरबाई दारात पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

मॅडमनं पहिलं कार्ड उचललं अन् माह्यंच नाव वाचलं. तरणीताठी बाई, चांगली होती बोलाले. “आशाबाई, घाबरू नका. हे कार्ड तुम्ही यांच्याकडे गहाण ठेवलंय का? तेवढं फक्त सांगा. तुमच्याकडून काही घेणार नाही, उलट तुमचं कर्जच माफ होईल.”

आता कसं सांगू तुमाले. मले ऐकू सारं आलं, डोक्यात काही शिरलं नाही. डोक्यात एकच, की उद्याच्याले तेल नाही. भाऊ जेलात गेला तर उद्या सात वाजता मी कोणाच्या दारात उभी राहू? वरून अर्धं गाव तोंडाकडे पाहून राहिलं. चारचौघांत कर्ज कबूल करा, ते बी आपल्या घराची जाऊ समोर उभी असताना! तोंडातून निघून गेलं, “नाही मॅडम. हरवलं होतं माह्यं कार्ड.”

“हरवलं होतं? कुठे?”

“बाजारात. भाऊले सापडलं, भाऊनं ठेवलं सांभाळून.”

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. कारकुनानं लिहून घेतलं. दुसरं नाव वाचलं. ती बाई पुढं आली, माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, “माह्यं बी हरवलं होतं.”

“तुमचं कुठे?”

“बाजारातच.”

तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्यायचे बाजारात हरवले. नीलमचं नाव आलं. ती पुढं गेली, जराक थांबली, वळून माह्याकडं पाह्यलं. म्या डोळ्यानंच दटावलं, बोल लवकर. खाली पाहून ती बोलली, “हरवलं होतं.”

शेवटी मॅडमनं पेन खाली टाकला. “तेवीस बायकांची तेवीस कार्डं एकाच बाजारात हरवली आणि सगळी एकाच माणसाला सापडली?”

“गर्दी असते ना मॅडम,” मी म्हटलं.

“आणि वहीत हे तेवीस पिन नंबर?”

“कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवतो आमी. ध्यानात राहत नाही ना.”

अंगणात लोक हसले. मले बी जराक हसू आलं, पाप लपवत नाही. वाटलं, काय तरी बहाद्दरी केली. पेटी, कार्डं, पासबुकं, वही, सारं सील करून मॅडम घेऊन गेल्या. जाताना सांगून गेल्या की तीन आठवड्यांनी ऑफिसात सुनावणी, तवा पुन्हा एकदा विचारीन, विचार करून या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी उत्तमभाऊच्या दारात. दार बंद. केशरबाईनं खिडकीतून सांगतलं, “तारीख होईपर्यंत एक रुपया कोणाले देऊ नका, असं वकिलानं सांगतलं. तुमी इथं येत बी जाऊ नका, वैनी.” झालं. जेलात न जाता बी तो बंदच झाला.

मग माह्या चकरा सुरू झाल्या. किराण्यावाल्याचे आंधीचेच चौतीसशे होते, तो हात जोडून मोकळा झाला. बँकेत गेली. मॅनेजर म्हणे पगारपत्रक आणा. म्हटलं मानधनवाल्यायले पगारपत्रक नसते साहेब. म्हणे मग कर्ज बी नसते. बायायच्या गटाले कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दर बुधवारी गावात येते, त्याले धरलं. त्यानं मोबाइलवर माह्या आधारचा नंबर टाकला अन् म्हणे, “काकू, तुमच्या नावावर तीन कंपन्या चालू आहेत. वरून नियम आला, आता चौथीनं द्यायचं नाही.”

“अरे, मागच्या वर्षी तूच माह्या ओसरीत बसून घ्या काकू, घ्या काकू करे ना?”

“मागच्या वर्षी नियम नव्हता.”

त्याची बी चूक नाही म्हणा. नियम माह्याच भल्यासाठी केला असन, की ह्या बाईच्या डोक्यावर लय कर्ज नको. पण ज्यानं नियम केला त्यानंच माह्ये पाच महिन्याचे पैसे दाबून ठेवले, हे त्या मोबाइलमध्ये कुठं दिसत नव्हतं.

म्या घरातला पाणी भराचा तांब्याचा गुंड विकला, त्यावर सहा दिवस गेले. मग दोन कोंबड्या विकल्या. नीलमनं माहेराहून आठशे आणले. भाजीच्या नावानं शेवग्याचा पाला, तो फुकट. फोडणीत तेल चमच्यानं मोजून टाके मी. पोट्टे म्हणत, “काकू, आज खिचडी पांढरी काहून?” गुरुजी चांगला माणूस, पण नोकरी त्याले बी आहे. ओमप्रकाश गुरुजींनी मले बाजूले बोलावून सांगतलं, “आशाबाई, एक-दोन दिवस मी धकवतो. सलग तीन दिवस आहार बंद राह्यला तर मले वर कळवाच लागते. मग तालुक्याच्या मोठ्या किचनची गाडी सुरू होते. एकदा गाडी सुरू झाली की तुमचं दोघींचं काम गेलं समजा.”

चौदा वर्षं. देवमनची, म्हणजे माह्या मालकाची कंबर गेल्यापासून घरात ठरलेलं येणं एवढंच, उशिरा का येईना. ह्या वयात मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाऊन किती दिवस वाकू?

सुनावणीच्या दोन दिवस आंधी उत्तमभाऊ स्वतः घरी आला. उन्हाचा, डोक्याले दुपट्टं बांधून. पाणी पेला अन् म्हणे, “वैनी, तुमी पहिले बोलल्या म्हणून मी वाचलो. परवा बी तेच बोला. निकाल लागला की त्याच दिवशी पाच हजार तुमच्या हातात. चूल बंद पडू देत नाही मी तुमची.”

पाच हजार म्हणजे अख्खा महिना.

“अन् एक,” तो म्हणे, “जिनं अर्ज केला ती तुमच्याच हाताखाली आहे. तिले समजावून सांगा.” त्यानं खिशातून झेरॉक्स काढला. वकिलानं मिळवला होता. खाली सही. शाळेच्या हजेरीत ती सही मी रोज पाहते. नीलमची.

सकाळी शाळेत गेल्या गेल्या म्या तिले धरलं. चूल पेटाची होती अजून.

“तू केला अर्ज?”

ती चुलीसाठी काड्या मोडत राहिली.

“माह्या पोटावर पाय दिला वं तू! चौदा वर्षांची माह्यी चूल, अन् तू तिच्यावर पाणी ओतलं! काय वाईट केलं म्या तुह्यं?”

“तू काहीच नाही केलं काकू.” तिचा आवाज बारीक. “माह्या कार्डात मानधन येते अन् विधवेची पेन्शन बी येते. मानधनावर पैसे घेतले, तर तो पेन्शन बी काढून घेये. वर्षभर मले त्यातला एक रुपया दिसला नाही. श्रावणात पोरगं तापानं फणफणलं होतं. माह्येच पाचशे मांगाले गेली तर म्हणे व्याज फिटलं नाही अजून. म्हणून संघपालनं, माह्या भावानं, अर्ज लिहून देला अन् म्या सही केली. वाटलं, माह्यं कार्ड तेवढं वापस भेटन. तुह्या तेलाचं माह्या ध्यानातच नाही आलं.”

“मग त्या दिवशी काहून नाही बोलली? मॅडम तर तुह्यासाठीच आल्या होत्या ना?”

“तू बोलून बसली होती काकू. अर्ध्या गावासमोर तुले खोटी पाडू?”

मले काय झालं काय माहीत, म्या हातातलं खिचडीचं रिकामं गंज आपटलं. “पाडाची होती! तोंड नाही का तुले?” अन् मग दिवसभर आमी दोघी एकमेकींशी बोललो नाही. एकाच चुलीसमोर दोघी बसून. तिले मीठ लागलं तर ती भिंतीकडं पाहून म्हणे मीठ कुठं आहे, अन् मी भिंतीलेच सांगे की डब्यात आहे.

भांडे घासता घासता माह्या रागाचा जोर उतरला. गंजाले लागलेलं खरवडून काढत होती अन् एकेक आठवत होती. श्रावणात ती दोन दिवस आली नव्हती. म्या काय केलं, तर गुरुजीजवळ तिची तक्रार केली, की सांगून जात नाही बाई. पोराले ताप होता हे म्या विचारलं बी नाही. अन् त्या अंगणात ती माह्याकडं वळून पाहून राहिली होती, तवा तिले काय पाहिजे होतं हे आता कळलं. तिले परवानगी पाहिजे होती. म्या डोळे वटारले.

लाज वाटली मले. ठरवलं, जे होईन ते होवो, उद्या खरं बोलाचं. चूल गेली तर गेली. नीलमले काही सांगतलं नाही. अबोला होता, अन् माह्यं बी नाक वरच होतं. वाटलं, मी बोलली की कळनच तिले.

तारीख गुरुवारची होती. बुधवारीच तेल, लाकूड सारं संपलं होतं, गुरुवारी चूल पेटलीच नाही. तेवीस बाया दोन ऑटोत कोंबून तालुक्याले गेलो. ह्या वेळी मॅडम हुशार झाल्या होत्या. एकेकीले आत बोलवत अन् दार लावून घेत. पहिले नीलमले बोलावलं, अर्जदार म्हणून. मी बाहेर बाकड्यावर. ती दहा मिनिटांनी निघाली अन् माह्याकडं न पाहता जिन्यानं खाली गेली. मले बरं वाटलं. म्हटलं, बोलली असन पोरगी. मग पाच-सहा बाया गेल्या. मग माह्यं नाव आलं.

आत गेली अन् बसाच्या आंधीच म्या सुरू केलं. सारं सांगतलं. दहा टक्के सांगतलं, पेटी सांगतली, स्कूटीवर पैसे काढाले जाणं सांगतलं, नीलमची पेन्शन सांगतली. “त्या दिवशी खोटं म्या सुरू केलं मॅडम. बाकीच्या माह्याकडं पाहून बोलल्या. त्यायच्यावर रागावू नका.” बोलता बोलता रडू आलं. मले तसं रडू येत नाही कधी.

मॅडमनं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. त्या दिवशी अंगणात तरणी दिसली होती, आज नाही दिसली.

“आशाबाई, तुमच्या आधी जी अर्जदार बाई आली होती, तिने आत्ता लेखी दिलंय. अर्ज गैरसमजातून केला, माझं कार्ड हरवलं होतं. तक्रार मागे घेतली तिने.”

“काय?”

“तिच्यानंतर आलेल्याही सगळ्या तेच म्हणाल्या. बाजारात हरवलं.” त्यांनी फाइल मिटली. “तुमचा जबाब मी लिहून घेते. पण तुमचाच पहिला जबाब उलटा आहे आणि बाकीच्या बावीस जणी विरुद्ध. टिकणार नाही हे. मी हेच काम करते, या वर्षातली ही तिसरी केस आहे अशी.” अन् मग त्या म्हणाल्या, “त्या दिवशी अंगणात तुम्ही हे बोलला असतात ना, तर तेवीसही बोलल्या असत्या.”

मी अंगठा नाही लावत, सही करते. सही केली अन् जिना उतरली.

खाली नळाजवळ नीलम पाणी पिऊन राहिली होती. मी समोर जाऊन उभी राहिली. भांडणानंतर पहिल्यांदा ती माह्याशी बोलली.

“झालं काकू. मी तुह्यासारखंच बोलली. आता तो सुटन अन् पैसे देइन तुले. तुह्यी चूल नाही जात.” डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर असा भाव, जसं पोट्टं पाढा न चुकता म्हणून दाखवते. “तू बी तेच बोलली ना?”

म्या मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, तिले कळलं नसन.

पण असं लपते का? कागदाच्या नकला वकिलाले भेटतात. संध्याकाळपर्यंत उत्तमभाऊले कळलं की तेवीसमधली एकच बाई त्याच्या उलटी बोलली अन् ती कोण. त्यानं काही भांडण-बिंडण केलं नाही. केशरबाईनं फक्त निरोप पाठवला, की आशावैनीनं आता आमच्या दारात येऊ नये. पाच हजार गेले. शुक्रवारी चूल बंद. गुरुजींनी पोट्ट्यायले मुरमुरे वाटले, आपल्या खिशातून. मले म्हणाले, “सोमवारी नाही पेटली तर मले लिहा लागन, आशाबाई.” शनिवारी सणाची सुट्टी, मग रविवार, दोन्ही दिवस मी घरातल्या घरात बसून काढले. देवमननं दोनदा विचारलं काय झालं, म्या दोनदा खेकसली त्याच्यावर.

सोमवारी मी दहा वाजता शाळेत गेली. खरं सांगू, भांडे मोजून गुरुजीच्या ताब्यात द्याले गेली. अंगणात शिरली तर धूर.

नीलम चुलीसमोर बसली होती. पंधरा लिटरचा तेलाचा डबा, नवा. वांगे, टमाटे, कोथिंबीर. बाजूले एक गाडीभर लाकूड रचलेलं.

“पैसे कुठून आणले?”

ती फुंकणीनं जाळ फुंकत राहिली.

“नीलम, मी काय विचारून राहिली?”

“उत्तमभाऊनं देले.” वर न पाहता ती बोलली. “मॅडमनं केस बंद करून शुक्रवारी कार्डं वापस केले ना, तो घेऊन आला गावात. माह्यं त्याच्यापाशीच ठेवलं म्या.”

“किती टक्के?”

“पंधरा. म्हणे आता धोका वाढला.”

“अन् तुह्यी पेन्शन?”

“त्याच कार्डात येते ना काकू.”

मी तिथंच, ओट्याच्या कोपऱ्यावर बसली. म्हटलं, “अवं बाई, तू ह्याच माणसाच्या विरुद्ध अर्ज केला होता. माह्यासाठी कशाले पुन्हा गेली त्याच्या दारात? मी तर खरं बोलून आली तिथं. तुह्यासाठी बोलली. तुले माहीत आहे ना?”

“माहीत आहे. गावभर झालं.” तिनं फुंकणी खाली ठेवली. “तुह्यं नाव त्यानं वहीतून काढून टाकलं. तुले तो आता कधीच देणार नाही. म्हणून म्या दोघींचं माह्या नावावर घेतलं.”

मले तिच्यावर ओरडाचं होतं. तिले जवळ घ्याचं बी होतं. दोन्ही जमलं नाही. तिनं विळी माह्यापुढं सरकवली अन् म्हणे, “काकू, वांगे चिरून दे. साडेअकरा होतात.”

मी वांगे चिराले बसली. डोळ्यातून पाणी चाललं होतं अन् कांदे तर अजून हातात बी घेतले नव्हते. बाहेर पोट्टे ताटल्या वाजवाले लागले होते. म्या चौदा वर्षं त्या गावाले खाऊ घातलं असं मी समजे. त्या दिवशी माह्यं काम वाचलं, माह्या घरची भाकर त्या पोरीच्या पेन्शनीतून आली, अन् म्या ती खाल्ली.